अडगळीची खोली, माणसे शून्य

माननीय चौकशी अधिकारी महोदया,

लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागते. काल आपण मला समोर बसवून "बोल" म्हणालात आणि मला स्वतःचे नावही धड सांगता आले नाही. शाळेत मी दरवर्षी पहिली येत असे, परंतु माझे गुण जायचे ते नेहमी तोंडी परीक्षेतच. बोलायची वेळ आली की शब्द घशाशी येऊन खिळून उभे राहतात. म्हणून माझ्या दैनंदिनीतील काही पाने आपल्याकडे पाठवीत आहे. ती कोणी वाचावीत म्हणून लिहिलेली नव्हती. त्यांत माझा मूर्खपणा जागोजागी आहे आणि मी तो खोडलेला नाही. न खोडण्याचे कारण शेवटच्या पानावर आहे.

२ मार्च, सोमवार

नव्या कार्यालयात आज पहिला धडा मिळाला. आमचे काम म्हणजे इमारत संगणकावर जगवून पाहणे. ऊन कोणत्या भिंतीवर पडेल, पत्रा किती तापेल, आत किती माणसे श्वास घेतील, या सगळ्याचा हिशेब सॉफ्टवेअर करते.

माझ्या वरिष्ठांना सगळे बॅटरीबाई म्हणतात. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसला तरी बॅटरी असतेच, आणि पाहणीला गेल्या की माळा, खाच, छताची पोकळी, जिथे अंधार दिसेल तिथे उजेड पाडल्याशिवाय त्या परतत नाहीत.

"समज, शंभर इमारतींना दुहेरी काचा लावून बघायच्यात. शंभर वेळा हाताने करशील?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली.

"कुठल्या बाजूने हलवलीस तेही कळलं नाही. नाही करणार. एकदाच कोड लिहायचा, त्याचं पॅकेज बांधायचं, आणि मग हव्या त्या इमारतीला लावायचं. पॅकेज तुला प्रश्न विचारतं. खोली कोणती, माणसं किती, दार किती वेळ उघडं. तू उत्तर दिलं नाहीस तर रुसत नाही. आपल्या मनाने काहीतरी गृहीत धरतं आणि पुढे जातं. मेख तिथेच आहे. म्हणून दुसऱ्याने लिहिलेलं पॅकेज उघडून वाचल्याशिवाय लावायचं नाही."

"बरं," मी म्हणाले. दिवसभरात मी उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

"आणि वर्णनाच्या चौकटीत कारण लिहायचं. का लावलं ते. कारण नसेल तर मी पास करत नाही, देव आला तरी."

नवख्या माणसाने एक राहते घर घ्यायचे, त्याचे मॉडेल करायचे, खोल्यांत सेन्सर लावायचे आणि मॉडेलचे आकडे खऱ्या आकड्यांशी जुळवून दाखवायचे, असा येथील नियम आहे. मी भाड्याच्या एका खोलीत राहते. तिला घर म्हणवत नाही. ताईचे घर घेईन.

८ मार्च, रविवार

भाऊजींनी दारातच सलाम ठोकला. "या, प्रोफेसर! तपासणी का? करा, करा. आमच्या घरात लपवायला आहे काय?" त्यांच्याइतके मनमोकळे गृहस्थ मी पाहिलेले नाहीत. ही नोकरी मिळाली तेव्हा आमच्या घरात सर्वांत मोठ्याने तेच हसले होते.

घर दोन मजली आणि चिंचोळे आहे. वर झोपण्याची खोली आणि तिच्या पलीकडे पत्र्याखाली अडगळीची खोली. तिचा झरोका भाऊजींनी विटांनी बुजवला आहे. कबुतरे शिरतात म्हणे. मी टेप लावून मापे घेत असतानाच एक कबूतर झोपण्याच्या खोलीत शिरले. भाऊजी मला वीजबिलाविषयी काही सांगत होते. बोलता बोलता त्यांनी ते पकडले, बाटलीचे झाकण फिरवावे तशी मान फिरवली, खिडकीबाहेर टाकले आणि ताईच्या खांद्याला हात पुसला. वाक्य मध्ये कोठे तुटलेदेखील नाही. ताईने डोळे मिटले होते. ती पहिल्यापासूनच हळवी आहे.

तिच्या गालफडावर पिवळट डाग होता. कपाटाचे दार लागले, असे ती म्हणाली.

भाऊजींनी विचारले म्हणून मी त्यांना समजावून सांगितले की अडगळीच्या खोलीच्या दाराखाली बोटभर फट आहे, हवा काय खेळते ती तेवढीच. ती बुजवली तर खोली झाकण लावलेल्या डब्यासारखी होईल. "लक्षात ठेवतो, प्रोफेसर," ते म्हणाले. माझे बोलणे इतक्या लक्षपूर्वक सहसा कोणी ऐकत नाही.

ते खाली गेल्यावर ताईने सेन्सर हातात घेतला. "हा काय मोजतो गं?"

"उष्णता. आणि हवेतला माणसाचा श्वास."

"श्वास कसा मोजतो?"

"फुंकर घालून बघ."

तिने फुंकर घातली. आकडा टणकन उडाला. आम्ही दोघी हसलो. लहानपणी वीज गेली की ती अंधारात माझ्या कपाळावर फुंकर घालत असे. मी येथेच आहे, एवढे सांगण्यासाठी.

"हे तुला तिकडे दिसतं? बसल्या जागी?"

"हो. रोज बघते."

"मग एक त्या अडगळीच्या खोलीत लाव. खाली, जमिनीजवळ."

"तिथे कशाला? तिथे कोण असतं?"

"लाव गं, पुस्तकी किडे. मोठी बहीण सांगतेय ना?"

लावला.

१७ मार्च, मंगळवार

बाकीच्या खोल्या शहाण्या मुलींसारख्या जुळल्या. अडगळीची खोली मात्र जुळत नाही. मॉडेल म्हणते की तिथे श्वास नाही. सेन्सर म्हणतो, आहे. आणि तोही दिवसा, भाऊजी कामावर गेल्यापासून ते परत येईपर्यंत. रविवारी काही नाही.

बॅटरीबाईंची शिकवण आठवून मी खोल्यांत माणसे भरणारे पॅकेज उघडले. आतली ओळ सापडली: खोलीचा प्रकार अडगळ असेल आणि माहिती दिलेली नसेल, तर माणसे शून्य. म्हणजे पॅकेजाचे चुकलेले नाही. सेन्सरच बिघडलेला असणार.

आकड्यांवर मी 'साफसफाई' हे पॅकेज लावले आहे. कार्यालय सोडून गेलेल्या कोणा गृहस्थांनी ते लिहिले आणि येथे सगळेच ते लावतात. म्हणून ते काही उघडून पाहिले नाही. कितीतरी आकडे सदोष म्हणून पुसल्याचा संदेश आला आणि आलेख कसा नितळ झाला. मला नितळ आलेख फार आवडतात.

सेन्सरविषयी विचारायला ताईला दुपारी फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी भाऊजींनी लावून दिला. "झोपले होते गं," ती म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता.

२२ मार्च, रविवार

सेन्सर बदलायला गेले. नवा लावताना ताई शेजारी उभी राहून पाहत होती. "जुना बिघडला होता?" तिने विचारले. बिघडलाच असावा, आकडे वेडेवाकडे येत होते, असे मी म्हटल्यावर तिचा चेहरा असा उतरला की जणू तिने स्वतःच तो बिघडवला होता.

जेवताना एक अपघात झाला. ताई खणातून चमचे काढत होती. भाऊजी मागून आले आणि त्यांनी कमरेने खण लावला. ताईची बोटे आत होती. तिच्या तोंडून आवाज फुटला नाही, हे मला विशेष वाटले. भाऊजी तसेच टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, "प्रोफेसर, मीठ हवंय का?" मग लक्षात आल्यासारखे करून बाजूला झाले. "अरे! बोटं होती होय? सांगायचं ना गं, तोंड नाही तुला?" त्यांनी स्वतः फडके ओले करून तिच्या बोटांना बांधले. दोन नखे काळी पडली होती.

ताई डाव्या हाताने जेवली. तिला इतके सराईतपणे डाव्या हाताने जेवता येते, हे मला ठाऊक नव्हते.

३१ मार्च, मंगळवार

आज मी माझे पहिले पॅकेज लिहिले!

नवा सेन्सरही तेच सांगतो. तेव्हा मी असे केले की खोली अडगळीची असली तरी तिच्यात ठरलेल्या वेळी एक माणूस ठेवायचा, दार बाहेरून बंद धरायचे, आणि हिशेब करायचा. लावून पाहिले तर मॉडेलची रेघ सेन्सरच्या रेघेवर अशी बसली की दोन रेघा आहेत हेच कळेना. दार उघडे धरले तर जुळत नाही. आतून बंद पण अधूनमधून उघडले, असे धरले तरी जुळत नाही. दिवसभर बंदच धरावे लागते.

शेजारच्या टेबलावरील ड्राफ्ट्समन खुर्ची ओढून पाहायला आला. "वा! हे मला दे. माझ्याही एका गोदामाचं गणित बसत नाहीये. तुझा हा भुताटकीचा माणूस तिथे बसवतो."

दिले. माझे लिहिलेले कोणी वापरील, ही कल्पनाच सुखाची होती. वर्णनाच्या चौकटीत कारण लिहायचे होते. मी लिहिले, 'आकडे जुळावेत म्हणून'.

५ एप्रिल, रविवार

ताईकडे गेले ती या आनंदातच. एरवी माझ्या तोंडून शब्द निघत नाही. आज मात्र जेवताना मीच विषय काढला.

"भाऊजी, तुमच्या घरात भूत आहे."

"एक आहे, ते मला रोज वाढतं," ते म्हणाले आणि हसले.

मग मी सगळे सांगितले. अडगळीच्या खोलीत आठवड्यातून चार-पाच दिवस श्वास दिसतो, तुम्ही गेलात की सुरू होतो आणि आलात की थांबतो, आणि मी त्यासाठी एक कल्पित माणूस कसा बसवला.

भाऊजींचा घास हातात तसाच राहिला. ताई त्यांच्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होती. परीक्षेच्या वर्गात शेजारीण चुकीचे उत्तर लिहीत असावी आणि बोलता येत नसावे, तसे ते पाहणे होते.

"हे सगळं त्या डबीत कळतं?" भाऊजींनी विचारले. "मला वाटलं, ऊन मोजता."

"श्वासही कळतो."

"हुशार आहे हो तुमची बहीण," ते ताईला म्हणाले. ते तिला कधी 'तुमची' म्हणत नाहीत. नंतर मला गाडीवरून खोलीपर्यंत सोडले, वाटेत कोणाकोणाला हे दाखवले आहेस म्हणून आपुलकीने विचारले, आणि जाताना डोक्यावर टपली मारली. टपली जोरात लागली. त्यांना स्वतःच्या हाताचा अंदाज नाही.

७ एप्रिल, मंगळवार

काल पहाटे घरातील सगळे सेन्सर पाठोपाठ बंद पडले. आज भाऊजींनी ते पिशवीत घालून कार्यालयात आणून दिले. "तुमची खेळणी." अडगळीच्या खोलीतल्याचा चुरा झाला होता. त्या चुऱ्यात एक दात होता.

मी तो कागदात गुंडाळून ठेवला. ताई जिन्यावरून पडली, हात मोडला, असे ते म्हणाले.

आईचा फोन आला. "तुला कोणी सांगितलं लोकांच्या घरात मापं घेत फिरायला? जावई दुखावलेत. मिटवून टाक."

"आई, तिचा दात..."

"पडलीये ती. पडल्यावर दात जातो."

१० एप्रिल, शुक्रवार

बॅटरीबाईंनी माझे पॅकेज तपासायला घेतले. मी शेजारी उभी होते.

"जुळवणी झकास आहे. कारण काय लिहिलंयस? 'आकडे जुळावेत म्हणून.' हे कारण झालं? आकडे तर मी घरबसल्याही जुळवीन. त्या खोलीत खरंच कोण असतं?"

"कोणी नाही. अडगळ आहे."

"मग श्वास कोणाचा?"

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. त्यांच्या टेबलावरचा पंखा इकडून तिकडे वळला, परत आला. मला दाराखालची फट दिसली, डावा हात दिसला, फडक्यात बांधलेली बोटे दिसली, 'झोपले होते गं' ऐकू आले. दार बाहेरून बंद धरल्याशिवाय रेघ जुळत नव्हती आणि ते मीच, माझ्याच हाताने, लिहून ठेवले होते.

"ताईचा," मी म्हणाले.

११ एप्रिल, शनिवार

एकटी गेले. ताईचा हात प्लास्टरमध्ये, ओठ फाटलेला, डोळा मिटलेला. "मी पडले," तिने मी विचारण्यापूर्वीच सांगितले.

"चल माझ्याबरोबर."

भाऊजींनी माझी वेणी मुठीभोवती गुंडाळली, हळूहळू, दोर गुंडाळावा तशी, आणि मला वर नेले. अडगळीच्या दाराला नवे कुलूप होते. चारही बाजूंनी रबराची पट्टी चिकटवलेली होती, खाली फटीवरसुद्धा.

"बघा प्रोफेसर, तुमच्याच शास्त्राप्रमाणे. बोटभर फट म्हणालात ना?" त्यांनी माझे कपाळ दारावर आपटले. पुन्हा आपटले. "ठोकून बघा, हवा जाते का. नाही ना जात? मग आता आकडे मांडायचे नाहीत."

खालून ताई ओरडली, "तू जा! तू जा गं!" तिचा तो आवाज ऐकताच त्यांनी मला सोडले आणि ते खाली उतरले. मी जिना उतरले तेव्हा ते तिला लाथ घालत होते. मी त्यांच्या शेजारून बाहेर पडले. हे वाक्य मी तीनदा वाचले. ते असेच आहे.

पोलीस चौकीवरील हवालदाराने कपाळावरचे रक्त पुसायला कागद दिला. "बहीण तक्रार देते का?"

"ती म्हणते, पडले."

"मग? तुमच्या कॉम्प्युटरच्या आकड्यावरून माणूस आत टाकू? उद्या माझ्या बायकोलाही कोणीतरी आकडे काढून देईल."

तिथल्या दुसऱ्या शिपायाला हसू आले.

१६ एप्रिल, गुरुवार, रुग्णालय

डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे डोक्यात अर्धी शांतता असते. लिहायला बरे आहे.

सोमवारी सकाळी हवामान खात्याने उष्णतेची लाट जाहीर केली. सेन्सर उरले नव्हते. त्या खोलीत पाहायला माझ्याकडे मॉडेलखेरीज काही नव्हते. मी घराचे मॉडेल उघडले आणि एकावर एक पॅकेजे लावली. पहिले 'फटी बंद'. त्यावर माझे, 'एक माणूस, दार बाहेरून बंद'. त्यावर 'उष्ण आठवडा'. हे शेवटचे पॅकेज लोक मोठमोठ्या कचेऱ्यांना किती थंडावा लागेल ते पाहण्यासाठी वापरतात. प्रत्येक उघडून वाचले. मग चालवले.

पत्रा तापला. रेघ वर गेली. दुपार होण्यापूर्वीच आतली हवा अंगापेक्षा गरम झाली आणि रेघ वर जातच राहिली; श्वासाची रेघ तर आलेखाबाहेर गेली. सॉफ्टवेअरने तळाशी एक सूचना दिली, की या खोलीत माणूस ठेवल्याचे दिसते, कृपया माहिती तपासा.

मी पडदा बॅटरीबाईंकडे वळवला. त्यांनी दोन प्रश्न विचारले. कुलूप कोणत्या बाजूला आहे, आणि तो आज कामावर गेला आहे का. मग पर्समधून बॅटरी घेतली आणि गाडीतून पहार.

"मॉडेल चुकलं असेल तर?" मी विचारले.

"तर त्याला नवं दार मी बसवून देईन. चल."

मागचे दार त्यांनी तीन हिसक्यांत उचकटले. वर कुलूप तुटेना, तेव्हा बिजागऱ्या काढल्या. दार आमच्या अंगावर आले आणि त्यामागून हवा आली. भट्टीचे तोंड उघडावे तशी, आणि तिला लघवीचा व रक्ताचा वास होता. ताई दाराशी पालथी पडलेली होती. तोंड खालच्या पट्टीला लावलेले होते. तिने ती पट्टी दातांनी फाडायला घेतली होती. रबराचे तुकडे तिच्या ओठांना चिकटले होते. मोकळ्या हाताची नखे निघून आली होती. अंग कोरडे आणि तव्यासारखे. मला वाटले, संपले. बॅटरीबाईंनी तिच्या डोळ्यांत उजेड पाडला. "आहे. पाय धर."

आम्ही तिला जिन्यापाशी आणले आणि भाऊजी जिना चढून आले. कोणी कळवले ते कळले नाही. त्यांनी खाली पडलेले कुलूप उचलून मुठीत घेतले आणि त्या मुठीने बॅटरीबाईंच्या तोंडावर मारले. त्या भिंतीवर आदळून बसत्या झाल्या. मग ताईच्या पोटात लाथ घातली. ती बेशुद्ध होती, तरी घातली. मी मध्ये गेले, तेव्हा त्यांनी माझ्या कानावर मारले. एक कर्कश शिटी झाली आणि त्या बाजूचे जग बंद पडले.

"प्रोफेसर," त्यांचे ओठ म्हणाले. ते हसत होते.

पहार माझ्या पायाशी होती. मी ती त्यांच्या गुडघ्यावर मारली. हाडाचा आवाज उजव्या कानाने ऐकला. ते पडले. ते पडल्यावर मी आणखी एकदा मारली. पहिला घाव आवश्यक होता. दुसरा नव्हता. तोही माझाच आहे.

१९ एप्रिल, रविवार

भाऊजी प्लास्टर बांधून याच रुग्णालयात खालच्या मजल्यावर आहेत. त्यांनी जबाब दिला आहे की ताईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. ती आपण होऊन त्या खोलीत जाऊन बसते. त्या दिवशी घटकाभर गेली असेल. कुलूप उंदरांमुळे होते. आणि दोन बायकांनी घर फोडून त्यांना मारले. एका डॉक्टर मित्राचे पत्रही जोडले आहे. बॅटरीबाईंवर घरफोडीचा गुन्हा नोंदला गेला आहे. त्यांचा जबडा तारेने बांधला आहे. त्या कागदावर लिहून बोलतात. आज लिहिले, 'दार चांगलं सागाचं होतं. वाईट वाटलं.'

बुधवारी सकाळी ताईला रुग्णालयातून सोडणार आहेत. नवरा या नात्याने तिला घरी नेण्याचा अर्ज त्यांनी केला आहे. आई म्हणते, "न्यायला तयार आहेत हे काय कमी आहे?"

ताई आज प्रथमच बोलली. घसा जळाल्यासारखा आहे. मी उजवा कान तिच्या तोंडाशी नेला.

"तुला दिसत नव्हतं का गं?"

"काय?"

"मी फुंकर घालायचे. त्या डबीवर. सारखी. तू म्हणालीस ना, रोज बघते. अंधारात आडवी होऊन तिच्या तोंडाशी तोंड नेऊन घालायचे. वाटायचं, आत्ता बघेल, आत्ता येईल. मग तू नवीन डबी लावलीस. वाटलं, जुनीला ऐकू येत नसेल. नवीवर जोरात घातली."

 

२१ एप्रिल, मंगळवार

काल आपल्यासमोर मला बोलता आले नाही. आज सकाळी कार्यालयात जाऊन मी 'साफसफाई' हे पॅकेज उघडले. आजवर कधीच उघडले नव्हते. आतली ओळ अशी होती: आकडा एकाएकी दुप्पट झाला तर तो सेन्सरचा दोष धरावा आणि पुसावा.

मी ते पॅकेज काढून टाकले आणि मूळ नोंद पुन्हा पडद्यावर आणली.

महोदया, नितळ रेघेच्या जागी काटेरी झुडूप उभे राहिले. भाऊजी घराबाहेर पडले की पहिला काटा उभा राहतो. मग थोडे थांबून दुसरा. मग तिसरा. दुपारी ते विरळ होतात आणि बुटके होतात, कारण दम उरत नसावा. भाऊजी घरी येण्याच्या सुमारास थांबतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला. सेन्सर बदलल्याच्या दुसऱ्या दिवशीचे काटे सर्वांत उंच आहेत. यंत्र बिघडले की असे बिघडत नाही. घटकाभर गेलेली बाई असे आठवडेच्या आठवडे करीत नाही. आणि जिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे ती इतकी वाट पाहत नाही.

ही मूळ नोंद सोबत जोडली आहे. तिला कोणतेही पॅकेज लावलेले नाही. कागदात गुंडाळलेला दात आपल्या शिपायाकडे दिला आहे. दुसऱ्या घावाबद्दल जी शिक्षा व्हायची ती मला व्हावी. परंतु उद्या सकाळी ताईला त्या घरी पाठवू नये, एवढीच विनंती आहे.

माझ्या पॅकेजाच्या वर्णनाची चौकटही मी आज बदलली. 'आकडे जुळावेत म्हणून' हे खोडले. पुसण्याने काय होते ते मी पाहिले आहे, म्हणून एवढी एकच खोडाखोड मी केली आहे. त्या जागी लिहिले आहे:

'या खोलीत माझी बहीण होती. ती मला हाक मारीत होती.'

२१ एप्रिल, मंगळवार, दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी पाठविले.